दाजींच्या टॉनिकची पोच

मु. पो. गुंजवणे,
१२ ऑगस्ट १९७१

तीर्थरूप साहेबरावदाजींच्या पायाशी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे आनंदरावचा, वाकून नमस्कार (कंबर अजून वाकते, हे कळावं म्हणून लिहिलं). भाताची लावण उरकली, म्हैस दूध देते, आमची सौ. रतन बोलते. म्हणजे घरात सगळं जागच्या जागी आहे. तुमची आणि अक्काची खुशाली कळावी. भोरच्या कचेरीतून पेन्शनीत निघाल्यापासून तुम्हाला निवांतपणा मिळाला असेल, असं आम्ही इकडे धरून चाललो आहोत.

तुमच्या पार्सलची पोच द्यायला अडीच महिने लागले, त्याबद्दल माफी असावी. गावचा पोस्टमास्तर मीच, त्यामुळे पार्सल मीच आणलं, मीच सही केली आणि मीच माझ्या हातात ठेवलं. आत तीन बाटल्या, एक पावडरीचा डबा आणि तुमची चिठ्ठी. डब्यावर एक पैलवान दंड फुगवून उभा होता. त्याच्याकडे बघूनच मला दम लागला.

माझा आजार तुम्हाला ठाऊकच आहे. दोन वर्षं झाली, मन उठत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली, ती बदलून दुसरी दिली, दुसरीचा डोस वाढवला. तोंड कोरडं पडलं, पण मन जागचं हललं नाही. मग आपल्या सगळ्या माणसांनी एकमतानं ठरवलं, की मनाला काही झालेलं नाही, अंगात ताकद नाही. (आपल्यात ज्याला रडू येतं त्याला आधी खायला घालतात.) रतननं तर वेळापत्रकच बांधलं. सकाळी उपाशीपोटी माशाचं तेल, न्याहारीला लोखंडाचं टॉनिक, दुपारी पावडर, संध्याकाळी द्राक्षाचं टॉनिक. तेलाच्या वासानं गावातली मांजरं टपाल घ्यायला आल्यासारखी ओट्यावर जमायला लागली. लोखंडानं दात काळे पडले. मी पत्र द्यायला गेलो आणि बरी बातमी म्हणून हसलो, तरी माणसं धसका घ्यायची.

द्राक्षाच्या टॉनिकाचं तेवढं सविस्तर सांगतो. शेजारचा गेनबा रोज संध्याकाळी माझी तब्येत विचारायला यायचा. या माणसानं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण बाटलीवर बारीक अक्षरात काय छापलंय ते त्यानं नुसत्या वासावर वाचलं. "मास्तर, तुमाला एकट्याला कडू लागंल, म्या सोबत घेतो," म्हणून तो बसायला लागला. आठव्या दिवशी बाटली संपली आणि गेनबाचं मन असं उठलं, की भर दुपारी मारुतीच्या पारावर तो अर्धा तास नाचला. रतन मला म्हणाली, "बघा, त्याला कसा गुण आला! तुमालाच का येत न्हाई?"

आता तुमच्या चिठ्ठीविषयी. तुम्ही लिहिलं होतंत, "पुण्याच्या गोळ्या बंद करा. त्या येड्यांच्या असतात. एवढं टॉनिक बस्स आहे." दाजी, दोष सगळा तुमचा नाही. मला हेच ऐकायचं होतं, ते तुम्ही सहीनिशी लिहून दिलंत. गोळ्या त्याच दिवशी उकिरड्यावर गेल्या. पुढच्या पंधरवड्यात मी असा आडवा झालो, की डाकेची पिशवी पाच दिवस खुंटीला तशीच लटकत होती. रतन रोज म्हणायची, उघडा. मी कूस बदलायचो.

त्या पिशवीत फुलाबाईचं पत्र होतं. फुलाबाई म्हणजे वरच्या आळीची, नवरा नसलेली, एकुलती एक लेक कामथडीला दिलेली. लेक पहिलटकरीण. पत्रात एकच ओळ होती, आई, लवकर ये. ते मी सहाव्या दिवशी नेऊन दिलं. तोवर लेक आईवाचून बाळंत झाली होती. दोघी सुखरूप राहिल्या यात माझी काहीच कर्तबगारी नाही.

कामथडीहून परतल्यावर फुलाबाई आमच्या ओट्यावर आली. ती तोंड सोडणार म्हणून मी मान खाली घालून बसलो. म्हणाली, "नात झाली, म्हून शिव्या घालत न्हाई. पर गोळ्या का वं सोडल्या?" मी म्हटलं, दाजींनी टॉनिक धाडलं होतं. ती म्हणाली, "आमचं धनी गेलं तवा म्या दीड साल चुलीकडं बगत बसले हुते. लोकं यायची, नारळ ठिवायची, जायची. बसलं कुनी न्हाई." मग तिनं रतनकडून सुपात तांदूळ मागून घेतले आणि दुपारपर्यंत खडे निवडत माझ्याजवळ बसून राहिली. दोन वर्षांत हात रिकामे घेऊन आलेली ती पहिलीच.

दुसऱ्या दिवशी रतननं मला मार्गासनीपर्यंत चालवत नेलं आणि एस्टीत घालून पुण्याला. तुमच्या बाटल्याही तिनं पिशवीत घेतल्या होत्या. डॉक्टरांनी त्या टेबलावर ओळीनं मांडल्या, बराच वेळ पाहिल्या आणि विचारलं, "जेवता कधी?" मग गोळ्या सोडल्याबद्दल मला असं झापलं, की बाहेर बसलेले दोन पेशंट निघून गेले. रक्त तपासलं, त्यात एक जीवनसत्त्व कमी निघालं. म्हणाले, "जुनी गोळी पुन्हा सुरू करायची आणि ही तिच्या जोडीला. जोडीला म्हणतोय, ऐवजी नाही. गुण येईल असं वचन देत नाही. येऊ शकेल." जोडीची गोळी पिवळी, ज्वारीच्या दाण्याएवढी. रतनचं तोंड उतरलं. "एवढीशी?" म्हणाली. तिच्यावर पैलवानही नव्हता.

आज सहा आठवडे झाले. मन उठलं असं छातीठोक लिहिणार नाही. पण परवा चहा गोड लागला. आणि काल गेनबानं पारावरचा नाच पुन्हा करून दाखवला, तेव्हा मी काळ्या दातांनी का होईना, हसलो. रतन म्हणते गुण पिवळ्या गोळीचा, गेनबा म्हणतो द्राक्षाचा, डॉक्टर म्हणतात जुन्या गोळीचाही असेल. फुलाबाई काही म्हणत नाही. ती येऊन बसते.

अक्काला नमस्कार. लोभ आहेच, तो टॉनिकावाचूनही राहील.

तुमचा
आनंदराव

ता. क. अक्काचं रतनला कार्ड आलं. (कार्ड उघडंच असतं. मी गावातली सगळीच वाचतो, पोस्टमास्तराला तेवढाच विरंगुळा.) तुम्ही चैतापासून घराबाहेर पडला नाहीत, कुणाशी बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून निजता आणि मला पाठवली तसलीच टॉनिकं स्वतः रिचवता, असं तिनं लिहिलंय. अक्कावर रागावू नका. येत्या मंगळवारी पुण्याच्या डॉक्टरांकडे तुमचा नंबर लावलाय.

ता. क. २. सोमवारीच मी भोरला येतो. हातात काही आणणार नाही, नुसता बसेन. मंगळवारी सकाळी सोबतच निघू. दाढी केली नाही तरी चालेल.