सात नंबरचे हितानो

३ मार्च
बाबांना आमच्याच वॉर्डात आणलं! अख्ख्या ग्रानादात दुसरी खाट मिळाली नाही. फुफ्फुसात पाणी. सात नंबर. नऊ वर्षं इथे नर्स आहे, मी हितानो आहे, जिप्सी आहे, हे कुणाला माहीत नाही. फेर्नांदेस काय, कुणाचंही आडनाव असतं. आता?

४ मार्च
इंजेक्शन घेऊन गेले तर म्हणतात, "या नर्सबाई. तुमचा हात हलका आहे म्हणे." मला 'तुम्ही'! बाबा! मला शीरच सापडेना.

६ मार्च
आमच्यात एक आजारी पडला की सगळं गोत दवाखान्यात. चाळीसेक जण आलेत, जिन्यावर डबे उघडून बसलेत. माझ्याबरोबरची बेगोन्या म्हणाली, "सात नंबरचे हितानो आलेत, पर्स कुलपात ठेव गं." मी ठेवली. माझी पर्स — माझ्याच आत्यापासून!

घरी हाच शब्द केवढ्या ताठ मानेने म्हणतात. "हितानो दिलेली जबान मोडत नाही" — बाबांचं पालुपद. शाळेत शब्दकोशात बघितला होता. आधी आमची जमात, आणि खाली आणखी एक अर्थ — लबाड. दहा वर्षांची होते. ते पान घरी कुणाला दाखवलं नाही. पायो पोरींसमोर, म्हणजे आमच्यातल्या नसलेल्यांसमोर, हा शब्द पुन्हा तोंडातून काढला नाही.

९ मार्च
डॉक्टर म्हणाले, गर्दी हटवा. मलाच पाठवलं. "दोघंच थांबा, बाकीचे खाली." त्रिनिदाद आत्या उसळली, "तू सांगतेस आम्हाला? तू?" बेगोन्या शेजारीच उभी! बाबा खाटेवरून खेकसले, "त्रिनी, गप! नर्सबाईंचं ऐक." मग धाप लागली त्यांना. आत्या रडत खाली गेली. सगळे गेले. मी घालवले.

१२ मार्च
पडदा ओढून पाच मिनिटं बसले. हात धरला. त्यांनीच सोडवला. "कुणी येईल. जा बाळ." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४ मार्च
गेले. सकाळी सव्वादहाला. खाली अंगणात एकच आकांत. मी सलाईन काढलं, डोळे मिटले, कागदावर वेळ लिहिली. बेगोन्या दारात उभी होती. रडले नाही. कशी रडणार!

१७ मार्च
कपडे, टोपी, काठी — रीतीप्रमाणे सगळं जाळलं. आता नावही घ्यायचं नाही. आत्या माझ्याशी बोलत नाही. चूक नाही तिची.

२० मार्च
कपडे बदलायच्या खोलीत बेगोन्याने एकदम मिठी मारली. म्हणाली, "माफ कर गं. त्या पर्सचं बोलले ते." गर्दी हटवली त्याच दुपारी बाबांनी तिला सांगितलं होतं — "ही माझी मुलगी बरं का. इथल्या सगळ्यांना सांगा, हितानोची मुलगी आहे. फक्त तिच्यासमोर नको, लाजते ती."

सगळ्यांना माहीत होतं. चौदा तारखेला मी रडले असते तरी चाललं असतं.