तीन नंबरचा ग्लास

१४ डिसेंबर

प्रिय छकुले,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत बरी आहे, गुडघा तेवढा जिना चढताना कुरकुरतो. थंडी यंदा लवकर पडली. तू कशी आहेस हे शेवटी विचारते, आधी बाकीचं सांगू दे.

मागच्या मंगळवारी हिवाळी स्ट्राँग बिअरची चाखणी होती. नेहमीचे आम्ही चौघं परीक्षक, बाटल्या कापडात गुंडाळलेल्या, ग्लासांवर फक्त आकडे. तीन नंबरचा ग्लास नाकाशी नेला आणि दारूचा भपकाराच आला. रंग गडद, फेस बरा, पण घोट घेतला तर नुसता गोडवा आणि मागून घशात जाळ. घाईत उरकलेलं काम. मी दहापैकी साडेपाच दिले. कापडं काढली, तर बाटली तुमच्या ब्रुअरीची! लेबलवर दरवर्षीसारखी तुझी सही.

नऊ वर्षांत तुझ्या बिअरला कुणी साडेआठच्या खाली उतरवलेलं नाही. मनुका आणि करपवलेली साखर, अशी तिची चव. दहा टक्के दारू आहे हे खुर्चीतून उठताना कळतं. आमचे ज्येष्ठ परीक्षक म्हणाले, "एखादं वर्ष बिघडतं हो." मी मान डोलावली, पण पटलं नाही. ही तुझ्या हातची नव्हतीच.

घरी येऊन तुला फोन लावला. नंबर बंद. मग तुझ्या नवऱ्याला लावला.

"टाक्या धुतेय ती, ताई. सांगतो तिला."

दुसऱ्या दिवशी, "झोपलीये."

तिसऱ्या दिवशी, "घसा बसलाय तिचा, बोलता येत नाही."

नको नको ते मनात येऊ लागलं. शुक्रवारी न कळवता ब्रुअरीत जाऊन उभी राहिले.

त्याने खुर्ची पुसून दिली, चहा विचारला. फार गोड बोलत होता. हात धुवायचं निमित्त करून मी मागे गेले. तुझे पिवळे गमबूट भिंतीशी होते, एकात कोळ्याने जाळं विणलं होतं. वर तुमच्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. तुझा एकही स्वेटर नाही.

"कुठे आहे ती?" मी जिन्यातूनच ओरडले.

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "मार्चमध्येच गेली. तुमच्याकडे जाते म्हणून निघाली होती. इतके महिने मी तेच धरून चाललो. तुमचा फोन आला तेव्हा कळलं, ती तिथे नाही. घाबरलो, ताई."

"आणि सही?"

"तिच्या सहीशिवाय कोण घेतंय आमची बिअर?"

छकुले, इतकं लिहिलं, पण मार्चमधला तो फोन मी टाळतेय. तू म्हणालीस, "ताई, थोडे दिवस येऊ का?" मी अहवाल लिहीत होते. म्हणाले, "भांडणं कुणाच्या घरात होत नाहीत? दोन दिवस दम धर, मी फोन करते." केला नाही. नंतर मेसेज टाकायचे, तू 'ठीक' एवढंच लिहायचीस, आणि माझं समाधान व्हायचं. गेला महिनाभर तेही आलं नाही, तरी माझ्या लक्षात आलं नाही. बिअरमधली चूक मला एका घोटात कळली. तुझा आवाज मात्र ऐकूनही ऐकला नाही.

तुम्हाला जव पुरवणारा दाढीवाला परतताना फाटकापाशी भेटला. त्याने नजर चुकवली तेव्हाच ओळखलं, याला माहीत आहे. पत्ता देईना, म्हणाला, "तिला शब्द दिलाय." तू सुखरूप आहेस, दुसऱ्या एका ब्रुअरीत काम करतेस, इतकंच सांगितलं. खरं की खोटं, कोण जाणे. आता माझा कुणावरच भरवसा उरलेला नाही, माझ्यावर तर नाहीच. पण पत्र पोचवायला तो कबूल झाला.

निकालाच्या यादीतून तुझं नाव मी काढायला लावलं. ते साडेपाच गुण तुझ्या नवऱ्याचे आहेत, तुझे नाहीत.

का गेलीस, काय झालं, विचारणार नाही. मागची खोली रिकामी केली आहे. यायचं तर ये, नाहीतर मी येते, नाहीतर तेही नको. कशी आहेस गं? उत्तर लिहावंसं वाटलं नाही, तर हे पाकीट रिकामंच त्या दाढीवाल्याकडे परत दे. तेवढ्यावर मी समजेन, पत्र पोचलं, तू सुखरूप आहेस.

त्या दिवशी 'ये' म्हणायचं राहून गेलेली,
तुझी ताई