घर वर्षालीचे, कूलर योगेंद्रच्या मर्जीवर

मी, कुमारी अनुसया पुंडलिकराव भोयर, वय एकाहत्तर ('कुमारी' लिहिताना वकिलांना हसू आले, मला नाही), निवृत्त इंग्रजीची प्राध्यापिका, राहणार बोरगाव मेघे, वर्धा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, चहा घेऊन लिहिते.

१. माझे स्वकष्टार्जित राहते घर माझ्या पश्चात माझी भाची वर्षाली योगेंद्र भोयर हिचे होईल. मागून कोणी तर्क लढवू नयेत म्हणून कारण सांगते.

जन्मभर जिच्या कादंबऱ्या शिकवल्या, ती दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रज लेखिका अविवाहित होती. वडील वारल्यावर भावांच्या सोयीने घरे बदलत राहिली. हयातीत तिच्या पुस्तकांवर तिचे नाव नव्हते, म्हणून मीही लिहीत नाही. आता तिच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघतात, त्यांत केवढाले बंगले! तिचे स्वतःचे घर एकही नव्हते.

वर्षालीने बँकेची नोकरी सोडून त्याच लेखिकेची एक कादंबरी वऱ्हाडीत चित्रित करायला घेतली, माझ्या बैठकीत. मुलींच्या लग्नासाठी जीव टाकणारी आई बोरगावात आणायला काहीच बदलावे लागले नाही. नायिका वर्षाली स्वतः. (मूळ नायिका इतके दात काढत नाही, हे मी तिला सांगितले होते.)

नायिका स्थळ नाकारते तो प्रसंग चालू असताना माझा धाकटा भाऊ योगेंद्र, न कळवता, लेकीसाठी खरेच स्थळ घेऊन आला. मुलाने, चंदनने, विचारले, "तुमाले मी पसंत आहो का?"

वर्षाली म्हणाली, "नाई जी. तुमी चांगले आहा, पण मले हे लगन नाई करायचं."

मुलाच्या आईने टाळ्या वाजवल्या. "पोरगी किती खरं खरं करते, जी!"

अभिनय नव्हता हे कळल्यावर पोहे ताटलीतच राहिले. फक्त चंदनने आपले संपवले. पुढे सिनेमात त्या नाकारलेल्या पाहुण्याचे काम त्यानेच केले, आणि झकास केले.

योगेंद्र मात्र ओरडला, "आता माह्या घरात पाय ठेवू नोको!" पोरीचा चेहरा उतरला. मी म्हणाले, "हे तिच्या आत्याचं घर आहे." तेव्हापासून ती इथेच आहे.

२. भावजय सपना हिला टीव्ही आणि त्या लेखिकेच्या कादंबऱ्यांवरच्या सिनेमांच्या सगळ्या सीडी. देवळात जाते सांगून ती इथे येते. सिनेमात तळ्यातून निघणारा नायक भिजलेला बरा की कोरडा, हा आमचा वाद मिटला नाही. (कादंबरीत तो भिजत नाही.)

३. त्या लेखिकेची पुष्कळ पत्रे तिच्या बहिणीने जाळली. माझी जाळू नयेत. त्यांत जाळण्याजोगे काही नाही, याचे थोडे वाईट वाटते.

४. योगेंद्र दोन वर्षे लेकीशी बोललेला नाही. सिनेमा वर्ध्यात दाखवला तेव्हा मात्र शेवटच्या रांगेत बसून डोळे पुसत होता; मी पाहिले. त्याच्यासाठी मोठा कूलर ठेवला आहे. पण वकील म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये. म्हणून त्याने कूलर घ्यावा, नाहीतर लेकीला घर दिल्याची साक्ष म्हणून खाली सही करावी.

ठिकाण : बोरगाव मेघे, वर्धा
दिनांक : ११ मे २०२५
सही : अनुसया पुं. भोयर

आमच्यासमोर सही केली :
१. अ‍ॅड. निकेश
२. योगेंद्र पुंडलिकराव भोयर
(स्वहस्ते : ताई, वर्षालीले सांगजो, उद्या घरी जेवाले ये म्हणा.)