माफ झालेलं कर्ज

वसतिगृह,
४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू शिवून पाठवलेला पांढरा कोट मिळाला. बाह्या दोन बोटं लांब आहेत. मी अजून वाढतेय असं तुला वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

आता खरी गोष्ट. शिष्यवृत्ती तीनच वर्षांची होती, हे आम्ही सगळे सोयीस्करपणे विसरलो होतो. शेवटच्या वर्षाची फी आपणच भरायची आहे. तीस जूनपर्यंत भरली नाही तर नाव कमी होणार. गेल्या आठवड्यात घरी गेले होते. बाबा बँकेत गेले आणि पाव तासात परत आले. कर्ज देत नाहीत, एवढंच म्हणाले. का, ते सांगेनात. आईला विचारलं तर तिला एकाएकी भांडी घासायची आठवण झाली. ग्रंथालयात पुस्तकं शिवता शिवता बाबांनी स्वतःचं तोंडही शिवून घेतलंय की काय कोण जाणे. ऐकलं तर ते तुझंच ऐकतील. जरा त्यांचा कान धर ना. मला फार भीती वाटते आहे.

पत्राची वाट पाहते. माया असू दे.
तुझी,
भाची

९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पोरीचं पत्र आलं. अरे शहाण्या, बँकवाल्याने एकदा नाही म्हटलं की शेपूट घालून परत यायचं? आमच्या वेळी तूच गेला होतास ना? हे गेले तेव्हा छापखान्याच्या कागदासाठी काढलेलं कर्ज डोक्यावर होतं. तू एक अर्ज केलास आणि संध्याकाळी येऊन सांगितलंस की माफ झालं. त्याच आनंदात मी छपाईचं यंत्र आपल्या दोघा कारागिरांना देऊन टाकलं. त्याच साहेबाला जाऊन भेट. मेलेल्या माणसाचं माफ करतात, मग जिवंत पोरीला द्यायला काय होतंय?

वहिनीला सांग, गुडघ्याला शेक घ्यायचा आळस करू नको. उलट टपाली उत्तर हवं.
तुझी,
ताई

१३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ते कर्ज माफ झालं नव्हतं. भाऊजींच्या कागदावर जामीन म्हणून माझी सही होती. हप्ते मी भरीन असं बँकेला लिहून दिलं आणि तुला खरं सांगायचं ठरवूनच निघालो होतो. तू आठ दिवस अन्नाला शिवली नव्हतीस. दारात तुला पाहिलं आणि तोंडातून भलतंच निघून गेलं. दुसऱ्या दिवशी तू यंत्र देऊन टाकलंस. मग कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

चार वर्षं भरले. मागच्या वर्षी ग्रंथालयाने अर्ध्या पगारावर आणलं, तेव्हा हप्ते चुकले. आता माझ्या नावापुढे थकबाकीदार असं लिहिलेलं आहे. कुठलीच बँक मला दारात उभं करत नाही. हिच्या नावावर तर काहीच नाही. मी हरलो, ताई. पण पोरीला यातलं काही कळू देऊ नकोस, तुला माझी शपथ आहे.

रागावलीस तरी तुझाच,
धाकटा

२ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

फी अठ्ठावीस तारखेला भरली. पावती पोरीकडे आहे.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस शिलाईला बसले नाही. शाळेचे गणवेश तसेच पडून राहिले. मग छापखान्यात गेले. यंत्र कागदोपत्री अजून यांच्याच नावावर आहे, हे त्या दोघांना ठाऊक होतं. थोरला म्हणाला की बाई, यंत्र तुमचंच, आम्ही सांभाळलं एवढंच. दुसरा बाहेर निघून गेला. त्याला दोन लहान मुलं आहेत. वह्यांचं काम हातात होतं, ते त्यांनी परत केलं. टेम्पोत यंत्र चढवायलाही तेच होते. थोरल्याने निघण्याआधी सगळे रूळ पुसून दिले, घेणाऱ्याला वाईट दिसू नये म्हणून. मला त्याच्याकडे बघवेना.

अरे, त्या दिवशी तू खरं बोलला असतास तर मी तेव्हाच यंत्र विकलं असतं. कर्ज फिटलं असतं, तुझ्या नावाला बट्टा लागला नसता. ते दोघे तेव्हा पन्नाशीच्या आत होते, कुठेही लागले असते. आता पन्नाशीच्या माणसाला कोण ठेवणार? मी आणखी चार दिवस उपाशी राहिले असते, मेले तर नसते! तुझी माया मला कळते आणि तिचाच मला संताप येतो. रडत लिहिते आहे, म्हणून अक्षर असं.

काल पोरीचं पत्र आलं. आनंदाने चार पानं लिहिली आहेत आणि शेवटी विचारलंय की एवढे पैसे आणलेस कुठून. साठवलेले होते, असं लिहायला दोनदा बसले आणि दोन्ही कागद फाडले. तुझी शपथ मोडली. खरं ते सगळं तिला लिहिलं आणि पत्र सकाळीच पेटीत टाकलं. ती आता शिकेल, पण पुस्तक उघडलं की ते दोघे तिच्यासमोर उभे राहतील. त्याला माझ्याकडे उपाय नाही.

लोभ आहेच. यापुढे तो लपवून करू नकोस.
तुझी,
ताई