मान डावीकडे, कान छातीकडे

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (मान उजव्या बाजूने अडकली आहे, तेव्हा निम्माच पोचला असं समज.) तुझे गुडघे आणि आतोबांचा खोकला कसा आहे? मी मजेत. मजेत म्हणजे, गोदामातली फोर्कलिफ्ट माझ्याकडून काढून घेतलीय आणि सध्या मी खोक्यांना चिकटपट्ट्या लावतोय.

झालं असं, की गाडी मागे घेताना मान वळेचना. मग मी आख्खाच वळायचो, कपाट फिरवतात तसा. मुकादमाने ते पाहिलं. म्हणाला, "मान तपासून ये, ठीक निघाली तरच गाडी." ती गाडी मिळवायला मी कुणाकुणाच्या मागे फिरलो ते तुला ठाऊकच आहे. म्हणून माझ्या खोलीत राहणाऱ्या आचाऱ्याला (त्याची मान आधी दवाखान्यात तपासून झालीय) तिथे काय काय करायला लावतात ते विचारून घेतलं. खुर्चीत ताठ बसायचं, मान एका बाजूला वळवायची, तशीच ठेवून कान छातीकडे झुकवायचा. मग दुसरी बाजू. रोज आरशापुढे सराव केला. पण उजवीकडे वळून झकास जमायचं, म्हणून तेवढ्याच बाजूचा केला. (शाळेतही मी येणारीच गणितं सोडवायचो.)

तपासणाऱ्या बाईंनी नेमकं डावीकडे वळायला सांगितलं. कान काही खाली जाईना. मग मी गुपचूप खांदाच उचलून कानाला भेटवला. त्या म्हणाल्या, "खांद्याला कुणी बोलावलं?" आणि श्वास सोडायला लावून गळ्याच्या उजव्या हाडामागे असं काही दाबलं, की मला पणजोबा दिसले. म्हणे सगळ्यात वरची बरगडी वर चढून बसलीय, ती खाली उतरेपर्यंत गाडी नाही. बरगडी इतक्या वर असते हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं! बाकी ठीक. काळजी करू नकोस.

तुझा,
भिंगऱ्या (सध्या न फिरणारा)

ता. क. बाईंनी विचारलं, "उजव्या कानाखांद्यात रोज काय धरून ठेवतोस?" मी म्हटलं, "आत्या." खोटं आहे का? माझे हात भांड्यांत, फोन खांद्यावर आणि तू मुलींच्या स्थळांवर. तेव्हा गाडी परत मिळेपर्यंत फोन करू नकोस, एवढंच सांगायला हे पत्र.

आणखी एक. पत्र टाकायचं राहिलं, इतके दिवस फोन मात्र बंदच ठेवला होता. मान वळायला लागलीय. पण आचारी कामावर गेला की वळून बघावं असं खोलीत कुणी बोलत नाही. तू फोन कर. हातात धरीन. भांडी भिजत पडू देत.