पाडून ठेवलेली गाडी

ता. २ एप्रिल

चि. भिंगरीस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे, डावा खांदा सोडला तर. फोनवर तू दर दोन वाक्यांनी ‘बोला मामा, ऐकतेय’ म्हणतेस आणि मागे कीबोर्ड खडखडत असतो, म्हणून कागद घेतला.

मुद्द्याचं सांगतो. परवाना कचेरीचं पत्र आलंय. मोटारसायकल शिकवायला त्यांचं हे मैदान माझ्याकडे एकतीस वर्षं आहे. गेल्या वर्षी नवे विद्यार्थी आले चार, यंदा एकही नाही. तीस तारखेपर्यंत सहा नवे अर्ज कचेरीत पोचले नाहीत तर मैदान काढून घेणार आणि तिथे मोटारी उभ्या करायची सोय करणार. अर्ध्या गावाला मी जिथे तोल सांभाळायला शिकवलं, तिथे आता पत्र्याचे डबे उन्हात तापत पडणार. मी हात-पाय हलताहेत तोवर तरी हे होऊ देणार नाही.

तू दिवसभर लोकांना फोन करून कुठला साबण वापरता ते विचारतेस. त्याच तोंडाने जरा विचार, की तरण्या पोरांना मोटारसायकल का नकोशी झाली. माझं मत तुला ठाऊक आहे. हातात फोन आला आणि मनगटातला जोर गेला. आपला नियम अजून तोच: फाटकाशी पाडून ठेवलेली लाल गाडी जो एकट्याने उभी करेल, त्याचंच नाव अर्जावर. पूर्वी दहातले आठ उचलायचे. आता कसाबसा एखादा उचलतो, बाकीचे हात झटकून बसथांबा गाठतात. नियम मी सैल करणार नाही. भर रस्त्यात गाडी पडली तर उचलायला मामा येणार नाही.

खरी कारणं कळव, साखर पेरू नकोस. आणि तुझ्या आईला मैदानाचं बोलू नकोस, ती म्हणेल बरंच झालं.

कळावे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा


ता. ९ एप्रिल

ती. मामांस, सा. न. वि. वि.

साखर पेरायची नाही म्हणालात, बरं झालं. घरातली संपलीच आहे.

साबणवाल्यांच्या यादीतल्या चाळीस जणांना विचारलं. साहेबांना कळलं तर माझीच धुलाई होईल. सगळे पंचविशीच्या आतले. एक म्हणाला, परीक्षेची तारीख मिळायला चार महिने लागतात, तोवर हौस शिळी होते. एकीने सांगितलं की तिने शिकाऊ परवाना काढल्या दिवसापासून तिचे बाबा रोज सकाळी चहाआधी एका अपघाताचा फोटो पाठवायचे. एकविसाव्या फोटोला तिने परवाना कपाटात ठेवला. जेवणाचे डबे पोचवणारा एकजण दिवसाचे दहा तास गाडीवरच असतो. हौसेने चालवतोस का विचारलं, तर त्याने मलाच विचारलं की भांडी घासणारी बाई सुट्टीच्या दिवशी हौसेने भांडी घासते का. आणि बरेचजण म्हणाले की मोटारी नि बसच्या मधून दुचाकीला उरतात ती फक्त गटाराची झाकणं.

पण सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं उत्तर वेगळंच होतं. कोणी किल्लीच हातात दिली नाही. वडिलांकडे मोटार, दादाकडे वेळ नाही, काकांची गाडी म्हणजे काकांचा जीव. शिकायला गेलं की उभ्या उभ्या परीक्षा. आमच्या मनगटावर बोलणं सोपं आहे मामा, पण दार आतून बंद करायचं आणि वर ‘पाहुणे का येत नाहीत’ म्हणून विचारायचं, याला काय म्हणावं?

मीही आले होते. अठरा पूर्ण झाले त्याच आठवड्यात. तीन दिवस ती लाल गाडी उचलायचा प्रयत्न केला. तळव्यांची सालं निघाली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, ‘हिच्या मनगटात जोर नाही, सगळा तोंडात आहे.’ सगळे हसले. मीही हसले, आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. त्याला आता आठ वर्षं झाली.

तर ऐका. आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला एक बाई येतात. त्यांच्याकडे तुमच्या लाल गाडीसारखीच गाडी आहे, त्याच वर्षीची. मागच्या पावसाळ्यात त्यांनी ती गवतावर आडवी केली आणि मला उचल म्हणाल्या. पाठ गाडीला टेकवायची, गुडघे वाकवायचे, मागे मागे चालत यायचं, सगळं तुम्हीच शिकवलेलं. पहिल्या झटक्यात उभी राहिली. डिसेंबरात मला परवाना मिळाला. आईला सांगायचं तर खुशाल सांगा.

गाडी तीच, पद्धत तीच, मीही तीच. मग तुमची गाडी एवढी जड कशी, एवढं कळवा.

तोवर लोभ जरा राखून ठेवते, राग मानू नये.

तुमची भिंगरी


ता. १३ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पोरीचं पत्र सोबत जोडलंय. आधी ते वाच, पाणी पी, मग हे वाच.

आठ वर्षांपूर्वी तू मला फोन केलास, की काहीही कर पण तिला गाडीवर बसू देऊ नकोस. तिला सरळ नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. आदल्या संध्याकाळी लाल गाडीच्या दोन्ही बाजूंच्या डब्यांत जुन्या बेअरिंगा, दातेरी चाकं आणि शिशाच्या लाद्या भरल्या, वीस वीस किलो. झाकणं बोल्ट लावून पक्की केली. डब्यांत हत्यारं असतील असं सगळ्यांना वाटलं. ती तीन दिवस झटली. मला ते बघवत नव्हतं, म्हणून चारचौघांत हसून वेळ मारून नेली.

आता पुढचं ऐक. तिचं पत्र वाचून मी काल बोल्ट काढले. लोखंड आतच आहे. ताई, ते मी कधी काढलंच नाही. आधी म्हटलं महिनाभर राहू दे, रिकामी गाडी एखाद्या पोरीने उचलली तर भिंगरीच्या कानावर जाईल. मग माझा खांदा आखडला, स्वतः उचलून दाखवायचं बंद झालं, आणि ते डोक्यातून पार गेलं. दोन-चार पैलवान गडी लोखंडासकट उचलायचे, त्यांच्याकडे बोट दाखवून मी बाकीच्यांची लाज काढायचो. आठ वर्षं मी या पिढीच्या नावाने खडे फोडले आणि खडे माझ्याच डब्यात होते.

मैदानही जायची वेळ आलीय, तीस तारखेपर्यंत सहा नवे अर्ज दिले नाहीत तर कचेरी ते काढून घेणार. मी तुला शब्द दिला होता की तुझं नाव घेणार नाही. आता तिला काय लिहू ते तूच सांग.

तुझ्या मायेला पात्र उरलोय की नाही माहीत नाही, तरी असू दे.

तुझा धाकटा


ता. १७ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पाणी प्यायले. दोन ग्लास.

तू काही लिहू नकोस, मीच तिला सगळं लिहिलंय. कालच पेटीत टाकलं. माझं नाव घालून.

मला पश्चात्ताप झालाय असं समजू नकोस. तुम्ही दोघं मैदानावर असता, मी इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत असते. त्या वर्षी एका महिन्यात एकोणीस पाय माझ्या हाताखालून गेले, सगळे तरुण. एका मुलाला मी प्लास्टर लावत होते आणि तो मला विचारत होता, की सोमवारी फुटबॉल खेळता येईल ना. त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. जगाने मला भित्री म्हणावं, म्हणू दे. माझी पोरगी दोन पायांवर चालतेय. उद्या तशीच वेळ आली तर मी पुन्हा फोन करेन.

पण लोखंड भरायला मी सांगितलं नव्हतं. तोंडावर नाही म्हण, एवढंच माझं म्हणणं होतं. तिने आपल्याशी भांडण केलं असतं आणि वर्षभराने विसरली असती. तू तिला स्वतःच्याच हातांवर संशय घ्यायला लावलास. भिंगरीसारखी पोर आठ वर्षं जड बरणी दिसली की दुसऱ्याला उघडायला द्यायची. मला वाटायचं, लाडावलीय. हे मात्र मला सहन होत नाही, आणि यात मीही आहेच.

आणि एक विसरू नकोस. तू पहिली मोटारसायकल आणलीस तेव्हा दुकानापासून घरापर्यंत ती चालवली कोणी? तू मागे माझे खांदे धरून डोळे मिटून बसला होतास. मला कोणी जोखलं नव्हतं, किल्ली दिली आणि मी चालवली. पुढे नोकरी लागली, संसार आला, परवाना काढायचा राहून गेला. भीती नंतर आली.

खांद्याला शेक घेत जा. रागात लिहिलंय, पण प्रेम त्याच शाईत आहे.

तुझी ताई


ता. २० एप्रिल

ती. मामांस, सा. न. वि. वि.

आईचं पत्र मिळालं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पोस्टमनने ते चिमट्याने धरून आणलं असतं.

मी चिडले आहे, आणि ते इतक्यात उतरणार नाही. तुम्ही दोघांनी मला वाचवलंत म्हणे. मला विचारून वाचवायचं होतंत. आईची भीती खरी आहे, ती मला कळते. लिफ्टवाल्या बाईंनीही पहिल्या दिवशी मला हाडांच्या वॉर्डात नेऊन आणलं, आणि मग विचारलं की अजून शिकायचंय का. फरक एवढाच, की त्यांनी विचारलं.

आता माझ्या अटी. पहिली, माझ्या मैत्रिणी गोळा करून तुमचे अर्ज भरून देणार नाही. तुम्हाला विद्यार्थी हवेत ना? ते आले होते. तुम्हीच त्यांना परत पाठवलंत. आठवेल त्या प्रत्येकाला पत्र लिहा, लोखंडाचं खरं सांगा, आणि २९ तारखेला रविवारी सकाळी मैदानावर बोलवा. तुमची मान खाली जाईल. जाऊ दे, माझीही गेली होती.

दुसरी, गाडी उचलायचा नियम तसाच ठेवा. तो चांगला आहे. लोखंड काढून.

तिसरी, रविवारी सकाळी मात्र लोखंड डब्यांतच असू द्या. काढलं असेल तर एक एक तुकडा परत भरा. मी आधी तीच गाडी उचलणार आहे, आहे तशी. ती उभी राहिली की मग डबे रिकामे करा. आईलाही बोलवा. तिने बघायला हवं.

नमस्कार पूर्ण करते, लोभाचं रविवारनंतर बघू.

भिंगरी


ता. ३० एप्रिल

चि. भिंगरीस आईचे अनेक आशीर्वाद.

नीट पोचलीस का? काल तू घाईने बस पकडलीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. ते कळवायला लिहिते.

आधी तुझं. पहिल्या खेपेला गाडी हलली नाही तेव्हा तुझ्या मामाने एक पाऊल पुढे टाकलं होतं. मी त्याचा सदरा मागून धरून ठेवला. दुसऱ्या खेपेला ती वीतभर उठली आणि परत पडली. तू कपाळ पुसलंस आणि कोणाकडेही पाहिलं नाहीस. तिसऱ्या वेळी उभी राहिली तेव्हा मला वाटलं होतं मी रडेन, पण मी आधी तुझे गुडघे पाहिले. सवय. गुडघे बरोबर वाकवले होतेस.

तू गेल्यावर मामाने सगळ्यांसमोर डबे उघडले. त्याने सत्तावीस पत्रं लिहिली होती, आले आठजण. तिघे लोखंडाचा ढीग बघून त्याला चार शब्द सुनावून निघून गेले. त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं. उरलेल्या पाचजणांनी रिकामी गाडी उचलली. औषधाच्या दुकानातली एक बारीक मुलगी तर उचलल्यावर दोन मिनिटं हँडल सोडेना. पाच अर्ज भरून झाले. सहावा नव्हता. दुपार झाली तरी फाटकाशी कोणी फिरकेना. मामा म्हणाला, पाच तर पाच, खरं बोलून गेलं तर मैदान गेलेलं चालेल. तो गेटाच्या किल्ल्या कचेरीत परत द्यायला एका पाकिटात घालू लागला.

मी चष्मा काढून त्याच्या हातात दिला. तो नको म्हणाला, वयाचं बोलला, माझ्या कमरेचं बोलला. मी त्याला विचारलं, की आता माझ्यासाठी डब्यात काय भरणार आहेस. पाठ टेकवली, गुडघे वाकवले, तू केलंस तसंच. दोनदा नाही जमलं. तिसऱ्यांदा गाडी उभी राहिली. चष्मा मामाकडेच राहिला, म्हणून अर्जावरची माझी सही वाकडी आली. आज सकाळी दहा वाजता सहाच्या सहा अर्ज कचेरीत दिले. कारकुनाने वय दोनदा वाचलं. मी म्हटलं, बरोबर वाचलंत.

माझं मत बदललं असं समजू नकोस. मोटारसायकल वाईटच. महिनाभर मी मामाकडे राहणार आहे, आणि तुला गाडीवर बसायचंच असेल तर मला पुढे बसून रस्ता बघायचाय. पहिला धडा येत्या रविवारी सकाळी सात वाजता आहे. माझ्या मापाचं हेल्मेट मामाकडे नाही, तुझं जुनं पाठव. आणि मला अपघाताचे फोटो पाठवू नकोस.

भीती माझी मी सांभाळीन, लोभ तेवढा तू सांभाळ.

तुझी आई