मिरी परत आली नाही

मी, त्सिला अद्मोनी, वय ७८, निवृत्त बालवाडी शिक्षिका व मुलांच्या पुस्तकांची लेखिका, राहणार किब्बुत्झ नवे-हारूव, यिज्रेल खोरे, स्वखुशीने व शाबूत डोक्याने हे लिहून ठेवते. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांना बुटाची नाडी बांधायला मीच शिकवले होते, तेव्हा त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण किब्बुत्झ म्हणजे सामाईक वस्ती, तिथे कोणाचे स्वतःचे काही नव्हतेच. अंगातला सदरासुद्धा सामाईक धोबीघरातून यायचा. पुढे सभेने ठराव केला, घरे ज्याची त्याच्या नावावर झाली आणि म्हातारपणी मला मालकीण व्हावे लागले.

१. माझे राहते घर माझी भाची अया हिला द्यावे. दारातले लिंबाचे झाड तिने तोडू नये. शेजारची पेनिना लिंबे मागायला आली तर जरूर द्यावीत, पण आधी तिला नीट मागू द्यावे.

२. पेनिनावर माझा राग का, तेही लिहिते. आमच्या बालवाडीच्या अंगणात पहिल्यापासून भंगार आहे. चाके नसलेला ट्रॅक्टर, मुके रेडिओ, पातेली, लोखंडी खाटा. मुले त्यातूनच विमाने करतात, दवाखाने करतात. शिक्षण समितीवर असताना पेनिनाने ते सगळे उचलून प्लास्टिकची घसरगुंडी आणायचा घाट घातला होता. मी तीन दिवस ट्रॅक्टरवरून उतरले नाही, जेवायलासुद्धा. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "बस तिथंच, अंडी उबव!" पण घसरगुंडी आली नाही.

माझा टाइपरायटर शहरातल्या एका संग्रहालयाला काचेच्या कपाटात ठेवायला हवा आहे. देऊ नये. तो त्या भंगारात ठेवावा, आणि मुलांनी त्याच्या कळा उपटल्या तर कोणी ओरडू नये.

३. आता मुख्य कलम. हे लिहायचे म्हणून बाकीची लिहिली.

तेव्हा किब्बुत्झमधली मुले आईबापांकडे नव्हे, मुलांच्या घरात एकत्र राहत, जेवत आणि झोपत. रोज सकाळी मुले गोल बसत, गोष्टी सांगत, आणि मी त्या वहीत जशाच्या तशा उतरून घेत असे. शब्द बदलायचा नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. १९७३ च्या योम किप्पुर युद्धानंतरच्या हिवाळ्यात यिफ्ताह नावाच्या पाच वर्षांच्या मुलाने बालवाडीच्या गाढविणीची गोष्ट सांगितली. गाढविणीचे नाव मिरी. ती खरोखरच हरवली होती. यिफ्ताहचे वडील झोहार हेही त्या युद्धातून परतले नव्हते. त्याच्या गोष्टीत मुले मिरीला खळ्यात शोधतात, द्राक्षमळ्यात शोधतात, विहिरीत हाका मारतात. शेवट असा होता: "ती आली नाही. मग आम्ही जेवलो."

त्या गोष्टीचे मी पुस्तक केले. तेल अवीवच्या संपादकबाई शेवट वाचून म्हणाल्या, "अहो, मुलं रडतील! आणि ती हरवलेली असताना ही जेवतात काय?" मी नमले. शेवटच्या पानावर मिरी गळ्यातली घंटा वाजवत परत आली. पुस्तकाचे नावही तेच पडले, 'मिरी परत आली', आणि वर नाव माझ्या एकटीचे. देशातल्या घराघरात ते पोचले.

छापील पुस्तक मी पहिल्यांदा आमच्याच मुलांना वाचून दाखवले. यिफ्ताह उभा राहिला. "त्सिला, हे खोटं आहे," म्हणाला, आणि बाहेर जाऊन ट्रॅक्टरवर बसला. त्यानंतर त्याने मला एकही गोष्ट सांगितली नाही. मोठा होऊन तो आमच्या गॅरेजचा मिस्त्री झाला. माझी सायकल त्याने दरवेळी न बोलावता दुरुस्त करून दिली, आणि दरवेळी मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

गेल्या ऑगस्टमध्ये ती वही घेऊन मी गॅरेजात गेले. त्याने हात पुसले आणि उभ्यानेच ते पान वाचले.

"पंचेचाळीस वर्षं ही जपून ठेवलीस, आणि आज दाखवतेस?"

"भीती वाटायची रे."

"कसली?"

"तू विसरला असशील याची. विसरला नसशील याचीही."

त्याने वही मिटली. मग म्हणाला, "बाबाची बातमी आली ना, त्या संध्याकाळी आईला आमच्याबरोबर मुलांच्या घरात जेवू दिलं होतं. एरवी आईबापांना कुठं परवानगी होती? ती आमच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसली होती, गुडघे हनुवटीला लावून. उकडलेलं अंडं होतं. तिनं तिचंही मला दिलं. म्हणाली, 'खा.' मी खाल्लं. ते मला पुस्तकात हवं होतं, त्सिला. बाकी काही नको होतं."

मी तिथेच टायरवर बसून रडले. तो म्हणाला, "ऊठ गं, ग्रीस लागेल."

म्हणून असे ठरवते की या पुस्तकाचे सर्व हक्क माझ्या पश्चात यिफ्ताहचे. पुढची आवृत्ती निघेल ती त्याच्या शेवटासह आणि त्याच्या नावासह. घंटा वाजवणारी मिरी पुन्हा छापू नये. मात्र जुनी प्रत ज्या मुलाच्या उशाशी असेल त्याच्याकडून ती कोणी काढून घेऊ नये, त्याचा काही दोष नाही. ती वहीही यिफ्ताहला द्यावी.

४. माझ्या दफनाच्या वेळी भाषणे नकोत. पेनिनाला बोलल्याशिवाय राहवत नसेल तर तिने ट्रॅक्टरवर चढून बोलावे.

एवढे लिहून मला फार हलके वाटते आहे. ज्याला काही मिळणार आहे त्याने सहीच्या वेळी खोलीत थांबू नये असा कायदा आहे, म्हणून वकीलबाईंनी यिफ्ताहला बाहेर काढले. तो अंगणात त्याच ट्रॅक्टरवर बसला आहे, खिडकीतून मला दिसतो. आत्ताच ओरडला, "त्सिला, झालं का? भोजनघर दोनला बंद होतं! चल, जेवायला!" वकीलबाई म्हणतात हे मृत्युपत्रात घालता येत नाही. मी घातले आहे.

सही: त्सिला अद्मोनी

वरील मजकूर त्सिला अद्मोनी यांनी आम्हा दोघांना स्वतः वाचून दाखवला, हे आपले मृत्युपत्र आहे असे सांगितले व आमच्यासमोर सही केली. आम्हा दोघांना यातून काहीही मिळणार नाही.

साक्षीदार: १. बत्या शोहाम, धोबीघर
२. मेनाशे गाल, गोठा

नवे-हारूव, रविवार, ५ हेश्वान ५७८०, ३ नोव्हेंबर २०१९